१ ऑगस्टच्या दोन तसबिरी

१ ऑगस्टच्या सकाळी महाराष्ट्रातल्या शाळांत, सरकारी कचेऱ्यांत, ग्रामपंचायतींत एका टेबलावर दोन तसबिरी शेजारी शेजारी मांडल्या जातात. एक लोकमान्य टिळकांची, दुसरी अण्णाभाऊ साठ्यांची. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. हार दोन, उदबत्ती एकच. मुलांची भाषणे होतात. टिळकांवरच्या भाषणात शेंगांची टरफले हमखास येतात आणि अण्णाभाऊंवरच्या भाषणात दीड दिवसाची शाळा. मग खाऊ वाटला जातो. या दोन माणसांचा एकमेकांशी काही संबंध होता का, हे त्या तासाभरात कोणी विचारत नाही. ते विचारायला हवे, कारण संबंध आहे, आणि तो काही ठिकाणी दुखरा आहे.

१ ऑगस्ट १९२० हा रविवार होता. टिळकांचा मृत्यू आणि वाटेगावातला तो जन्म यांचा दिवस कोणी नेमलेला नव्हता. पण त्याच दिवशी घडलेली तिसरी गोष्ट मात्र आधीपासून ठरलेली होती. असहकाराच्या चळवळीचा आरंभ म्हणून गांधीजींनी हीच तारीख जाहीर केली होती. त्या चळवळीचे एक मूळ आणखी एका १ ऑगस्टपर्यंत जाते. १ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी तुर्कस्तानने जर्मनीशी गुप्त करार केला. त्या करारापायी तुर्कस्तान युद्धात ओढला गेला आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटात त्याच्याशी लढायला हिंदी सैन्य गेले. त्यात मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी जे सैन्य शरण गेले, त्यातही आपली माणसे होती. तुर्कस्तान हरला. मे १९२० मध्ये तहाच्या अटी बाहेर आल्या आणि खलिफाच्या साम्राज्याचे तुकडे होणार हे स्पष्ट झाले. हिंदी मुसलमानांचा संताप आणि जालियनवाला बागेची जखम या दोन्ही गोष्टी गांधीजींनी एका लढ्यात बांधल्या. जूनमध्ये अलाहाबादला खिलाफत समितीने असहकार स्वीकारला आणि १ ऑगस्टचा मुहूर्त धरला.

टिळकांचे मन या मार्गाबद्दल पूर्ण तयार झाले नव्हते. एप्रिलमध्येच त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला होता. नव्या कायदेमंडळांत शिरून सरकारशी झुंजायचे, ही त्यांची रीत. लोक खरोखर मागे येणार असतील तर आपण आडवे येणार नाही, एवढे त्यांनी गांधीजींना सांगितले होते. जुलैत ताई महाराज प्रकरणाच्या खटल्याच्या कामासाठी ते मुंबईला आले आणि नेहमीप्रमाणे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरले. पावसाळी हवेत थंडी बाधली, ताप चढला. २३ जुलैला चौसष्ट वर्षे पूर्ण झाली, तो वाढदिवस याच खोलीत आला आणि गेला. हिवतापाचे पुढे फुप्फुसाच्या दाहात रूपांतर झाले. शहरात बातमी पसरली आणि सरदारगृहाखाली माणसे उभी राहू लागली. ३१ जुलैची रात्र संपून तारीख बदलली आणि मध्यरात्रीनंतर पाऊण तासाच्या आतच टिळक गेले.

गांधीजी तेव्हा सिंधचा दौरा आटोपून मुंबईत आले होते आणि तरुण जवाहरलाल नेहरू त्यांच्याबरोबर होते. सकाळी दोघेही त्या गर्दीत मिसळले. पाऊस कोसळत होता. पुण्याहून माणसे धावत आली. टिळकांना पुण्याला न्यावे, अशी पुणेकरांची मागणी होती, पण मुंबईने सोडले नाही. टिळकांचा देह पद्मासनात बसवून लाखो माणसांतून गिरगाव चौपाटीवर नेण्यात आला. तिथे दहनासाठी सरकारची खास परवानगी घ्यावी लागली होती. तिरडीला गांधीजींनी खांदा दिला, शौकत अलींनी दिला, डॉ. किचलूंनी दिला. खिलाफतीचा पुढारी आणि चित्पावन ब्राह्मणाची तिरडी, हे चित्र पाच वर्षांपूर्वी कोणाच्या कल्पनेत बसले नसते.

याच तारखेने गांधीजींनी व्हाइसरॉय चेम्सफर्डला पत्र लिहिले आणि तीन पदके परत केली. कैसर-ए-हिंद, झुलू युद्धाचे आणि बोअर युद्धाचे. साम्राज्याची सेवा करून मिळवलेली ती पदके होती. एका नेत्याचे दहन आणि दुसऱ्याचा साम्राज्याशी काडीमोड एकाच तारखेला झाला. पुढच्या वर्षी टिळकांच्या नावाने स्वराज्य फंड उभा राहिला आणि ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमवण्याचा संकल्प पुरा झाला. पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी परळला परदेशी कापडाची मोठी होळी पेटली. टिळकांना ज्या लढ्याबद्दल शंका होती, त्या लढ्याला त्यांचेच नाव बळ देत राहिले.

चौपाटीवर त्या दिवशी कोण होते? वकील, व्यापारी, विद्यार्थी होतेच. पण गिरणगाव लोटले होते, आणि त्याला कारण होते. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता. शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस. सरकारने लष्कर बोलावले, गोळ्या चालल्या, कामगार मेले. ही माणसे कोकणातून आणि घाटावरून आलेली होती, त्यातल्या बहुतेकांना 'केसरी' वाचता येत नव्हता. तरी टिळक आपले आहेत हे त्यांना ठाऊक होते. दूर परागंदा असलेल्या लेनिनने त्याच वर्षी या संपाची नोंद घेतली आणि हिंदी कामगारवर्ग राजकीय लढ्याला जागा झाला, असा त्याचा अर्थ लावला. ही नोंद मी मुद्दाम इथे ठेवतो, कारण पुढे तिचे काम आहे.

'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' अशी टिळकांची हेटाळणी झाली आणि त्यांनी ती भूषण मानली. पण हा पुढारी तेल्यातांबोळ्यांच्या पंगतीत किती बसला, हेही १ ऑगस्टला सांगायला हवे. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरवली होती. तिथे टिळक म्हणाले की, देव जर अस्पृश्यता मानत असेल तर त्याला मी देवच म्हणणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही, या प्रतिज्ञापत्रकावर त्यांनी सही केली नाही. १९२० च्या सुरुवातीला पुण्यात मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाचा वाद पेटला. पैसा अपुरा आहे म्हणून आधी मुलांचे पाहावे, अशी त्यांची बाजू होती आणि भर सभेत त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. त्याच वर्षी ३१ जानेवारीला डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले आणि जुलैत आंबेडकर अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले. म्हणजे टिळकांच्या शेवटच्या सहा महिन्यांत महाराष्ट्रात एक दुसराच आवाज उभा राहत होता आणि टिळकांच्या कचेरीने त्याला दार उघडले नव्हते. टिळकांना कमी लेखण्यासाठी हे लिहीत नाही. मंडालेची सहा वर्षे सोसणारा, दुष्काळात शेतकऱ्याला सारा तहकुबीचा हक्क समजावून देणारा हा माणूस मोठाच होता. पण तसबीर पुसताना काच दोन्ही बाजूंनी पुसावी.

आता वाटेगाव. तेव्हाचा सातारा जिल्हा, आज सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका. गावकुसाबाहेर मांगवाडा. तिथे भाऊराव आणि वालुबाई साठे यांच्या घरी मुलगा झाला आणि त्याचे नाव तुकाराम ठेवले. सगळे त्याला अण्णा म्हणू लागले. या जन्माची एक कथा त्यांच्या चरित्रांत येते. इंग्रजांचा खजिना लुटून परतणारा फकिरा वाटेगावात थांबला आणि नातेवाइकाच्या घरी मूल जन्मल्याचे कळताच त्याने बाळाच्या घुटीसाठी ओंजळीने सुरती रुपये दिले. कथा अक्षरशः खरी असो की घराने जपलेली असो, पण पुढे याच फकिरावर त्या मुलाने मराठीतली एक अस्सल कादंबरी लिहिली. ज्या दिवशी मुंबईत पदके परत करण्याचे पत्र निघाले, त्या दिवशी वाटेगावात साम्राज्याचा खजिना बाळंतघरी पोचल्याची ही आठवण आहे. चौपाटीची कहाणी सांगताना हीही सांगावी, असे मला मनापासून वाटते.

फकिराच्या मागे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा होता. जन्मतःच माणूस गुन्हेगार ठरवायचा, चौकीवर हजेरी लावायची, गावाबाहेर जायला परवानगी मागायची. 'फकिरा'त ही हजेरी येते आणि वाचताना घसा आवळतो. टिळकांनी ज्याला जन्मसिद्ध हक्क म्हटले त्याच्या कितीतरी अलीकडे, रात्री स्वतःच्या झोपडीत निर्धास्त निजण्याचा हक्क या माणसांना हवा होता.

अर्धवट सुटकेचा आणखी एक १ ऑगस्ट आहे. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश कॅरिबियन बेटांवर गुलामगिरी संपल्याचे जाहीर झाले. मालकांना नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले, गुलामांना काहीच नाही. उलट बहुतेक बेटांवर सहा वर्षांवरील प्रत्येकाला उमेदवारीच्या नावाखाली जुन्याच मालकाकडे राबणे भाग पडले. ती उमेदवारी १ ऑगस्ट १८३८ ला संपली, तेव्हा सुटका खरी झाली. मॉरिशसला हा कायदा १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला आणि तिथल्या उसाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले गेले. त्यात मुंबई इलाख्यातली मराठी माणसे होती. त्यांच्या वंशजांनी तिकडे गणपती जपला, आज तिथे गणेश चतुर्थीला सुटी असते.

वाटेगावच्या अण्णाची शाळा मास्तरांच्या जाचाने दीड दिवसात संपली. १९३१-३२ च्या सुमारास कुटुंब पायी मुंबईला निघाले, वाटेत मिळेल ते काम करत, मुक्काम करत. मुंबईत हमाली झाली, फेरी झाली, गिरणीत काम लागले. तीच गिरणी आणि तोच गिरणगाव, ज्याने १९०८ मध्ये टिळकांसाठी सहा दिवस रोजी सोडली होती. चौपाटीवर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या माणसांच्या चाळींत अण्णाभाऊ वाढले. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरे पाहत अक्षरे जुळवायला शिकले. मग लाल बावटा हातात आला.

गाणे आणि सण राजकारणाच्या कामाला लावण्याची मराठी रीत टिळकांनी घालून दिली होती. १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव, त्यातले मेळे, मग शिवजयंतीचा उत्सव. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांनी हीच वाट पकडली आणि वळवली. तमाशाच्या आरंभी गणपतीचा गण असतो. अण्णाभाऊंनी तिथे मातृभूमीला आणि शिवरायांना वंदन केले. शिवाजी राहिला, गणपती गेला. पुढे मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा तोच खेळ लोकनाट्य या नावाने उभा राहिला. टिळकांचे मेळे आणि अण्णाभाऊंचा फड यांत मला एकाच हत्याराच्या दोन धारा दिसतात. लोकांच्या तोंडी असलेले गाणे सरकार जप्त करू शकत नाही, हे दोघांनीही ओळखले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णाभाऊंनी स्टॅलिनग्राडचा पोवाडा गायला. कामगार मैदानांत माणसे तो ऐकून उभी राहत. पण १ ऑगस्ट १९४४ ला संध्याकाळी पाच वाजता वॉर्सा शहराने नाझींविरुद्ध उठाव केला आणि स्टॅलिनचे सैन्य व्हिस्तुला नदीच्या पलीकडे थांबून राहिले. ६३ दिवसांनी उठाव चिरडला गेला आणि दीड ते दोन लाख नागरिक मेले. त्याच वेळी कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, राहत होती. स्टॅलिननेच त्यांना सैबेरियात धाडले होते, तिथून इराणमार्गे ती इथवर आली होती. वळिवडे वाटेगावपासून लांब नाही. त्यांच्या कहाण्या त्या काळी मराठी फडावर आल्या नाहीत, आणि ही उणीव मला लागते. अण्णाभाऊंच्या पोवाड्यातला स्टॅलिनग्राडचा सामान्य सैनिक खरा होता. वळिवड्यातल्या बायकांचे दुःखही तितकेच खरे होते.

१९४७ च्या १६ ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी, अण्णाभाऊंनी मुंबईत भर पावसात मोर्चा काढला. उपाशी माणसाला हे स्वातंत्र्य पोचलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अनेकांना ते कटू वाटले. कॅरिबियन बेटांवर उमेदवारीत राबणाऱ्यांना ते लगेच कळले असते.

दोन तसबिरींमधला पूल टिळकांच्या घरातूनच बांधला गेला होता. टिळकांचे धाकटे पुत्र श्रीधरपंत डॉ. आंबेडकरांचे स्नेही झाले. ज्या गायकवाडवाड्यातून 'केसरी' निघत होता, तिथे ८ एप्रिल १९२८ रोजी त्यांनी समाज समता संघाची पुणे शाखा उघडली, आंबेडकरांना बोलावले आणि स्पृश्य-अस्पृश्यांचे सहभोजन घातले. वाड्याबाहेर विरोध झाला, वाड्यातही झाला. 'केसरी'च्या कारभाऱ्यांशी चाललेल्या भांडणांनी आणि खटल्यांनी ते आधीच गांजले होते. २५ मे १९२८ रोजी श्रीधरपंतांनी भांबुर्डा स्टेशनाजवळ आगगाडीखाली जीव दिला. जाण्यापूर्वी त्यांनी आंबेडकरांना पत्र लिहिले होते. त्यांच्याबद्दल लिहिताना आंबेडकरांनी म्हटले की, लोकमान्य ही पदवी खरी कोणाला शोभत असेल तर ती श्रीधरपंतांना. टिळकांच्या मुलाच्या मृत्यूनंतर आंबेडकरांच्या हातून हे वाक्य उतरावे, यात त्या घराचे मोठेपण आणि त्या काळाची क्रूरता दोन्ही आहे. शालेय भाषणांत श्रीधरपंत का येत नाहीत, हे मला आजवर कळलेले नाही.

अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते, तरी १९५९ मध्ये 'फकिरा' प्रसिद्ध झाली ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण होऊन. त्याआधी मार्च १९५८ मध्ये मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात त्यांनी सांगितले होते की, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, ती दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे. १९६१ मध्ये 'फकिरा'ला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. कामगार म्हणून आलेला आणि पाट्या वाचत अक्षरओळख केलेला माणूस आता राज्याचा मान्य लेखक होता. पण घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी सुटायला फार उशीर झाला, आणि १८ जुलै १९६९ रोजी, एकोणपन्नासावा वाढदिवस चौदा दिवसांवर असताना, ते गेले.

१ ऑगस्ट २००२ ला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. १ ऑगस्ट २०२० ला टिळकांची शंभरावी पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची शंभरावी जयंती एकदम आली. वाटेगाव, पुणे, मुंबई, लातूर, नांदेड, सगळीकडे मोठी तयारी असायला हवी होती, पण करोनाने मिरवणुका थांबवल्या. डफ आणि हलगी घरात राहिली आणि बोलणारी माणसे मोबाइलच्या पडद्यावर बोलली.

१९०८ च्या संपाबद्दल लिहिणाऱ्या लेनिनच्या देशात अण्णाभाऊ १९६१ मध्ये जाऊन आले होते. गिरणी कामगाराच्या डोळ्यांनी त्यांनी तो देश पाहिला आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. अनावरणाला महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गेले होते.